जुना लॅपटॉप, एक पेटी, एक मृदंग: एकांकिकेचं संगीत पुरं कसं करायचं

तुमचा प्रश्न मी असा समजले. गुहागरजवळच्या तुमच्या गावात अर्ध्या तासाची एकांकिका बसते आहे, गोष्ट एका मच्छीमार कुटुंबाची, आणि संगीत तुमच्याकडे. हाताशी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, पंचवीस पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कुठली कळ दाबली याचा संदेश संगणकाला देणारा), फोन आणि इअरफोन. ग्रुपमध्ये एक पेटीवाले आहेत, एक मृदंगवाले आहेत. प्रयोगाला तीन आठवडे उरलेत. रोज रात्री तुम्ही तीस-चाळीस ट्रॅक उघडता, लॅपटॉप अडकतो, आणि एकही तुकडा पुरा होत नाही. म्हणून हप्त्यावर नवा लॅपटॉप घ्यावा का, आणि ऑर्केस्ट्राची कोणती लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा तयार संच, घ्यावी, असं विचारलंय.

मी कुडाळ-मालवण भागातल्या नाटकमंडळींसाठी बरीच वर्षं पार्श्वसंगीत करते आहे, बहुतेक सगळं संगणकावरच. माझं उत्तर असं की या एकांकिकेसाठी लॅपटॉप घेऊ नका, आणि लायब्ररी तर नकोच. नवं मशीन लावणं, सॉफ्टवेअर टाकणं आणि हजारो आवाज चाळणं यात तुमचा एक आठवडा सहज जाईल. शिवाय सोळा जीबी रॅम मिळाली की चाळीस ट्रॅकचे ऐंशी होतील आणि तुकडा तरीही अर्धाच राहील. खरं अडतंय ते दुसरीकडे. या नाटकात कुठले आवाज असतील आणि कुठले अजिबात नसतील, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ते ठरवल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडूच नका.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, हेही सांगायला हवं. पुढे तुम्हाला मोठ्या ऑर्केस्ट्राचं काम करायचं असेल तर त्या सॅम्पल लायब्ऱ्या खरोखरच अनेक जीबी रॅम खातात, तिथे जुनं मशीन पुरत नाही. आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवायला मी आजही सांगेन. तो खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ आहे आणि फरक लगेच कळतो.

आता मूळ मुद्दा. मर्यादा दोन जातींच्या असतात. काही नुसता त्रास देतात, त्या पहिल्या दोन दिवसांत निपटून टाकायच्या. काही काम घडवतात, त्या शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवायच्या. तुम्ही सध्या पहिल्या जातीच्या सोसताय आणि दुसऱ्या जातीच्या मोडायला बघताय.

त्रास देणाऱ्यांत पहिली म्हणजे कळ दाबल्यावर आवाज उशिरा येणं. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची सेटिंग असते, संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते ती ठरवते. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूनेच सुमारे २३ मिलिसेकंद उशीर, आणि १२८ चा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. वाजवताना १२८ किंवा २५६ ठेवा. वाजवून झालं आणि आवाजांची जुळवणी सुरू झाली की १०२४ करा, म्हणजे प्रोसेसरला श्वास मिळतो. विंडोजवर वेगळं साउंड कार्ड नसेल तर एएसआयओफोरऑल हा मोफत ड्रायव्हर टाका. आणि ब्लूटूथचे इअरफोन वाजवताना वापरूच नका. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो, हात आणि कान यांची गाठच पडत नाही.

दुसरी, गुरगुर. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि स्वस्त इन्व्हर्टरवर मशीन चालू असलं की रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची गुरगुर आणि तिच्यावरचे १००, १५० हर्ट्झचे सूर शिरतात. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि तिच्याकडे कुणीच बघत नाही: पेटीचा सूर. संगणक अगदी ४४० हर्ट्झला बसलेला असतो. आपल्या गावांतल्या पेट्या तशा नसतात. जुनी पेटी, रीड झिजलेल्या, कधी दुरुस्तीत खरवडलेल्या. पेटी ४४४ ला असेल तर संगणकापेक्षा ती सुमारे १६ सेंट चढी झाली (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी टोचत राहतं, आणि मग संगीतकार ते झाकायला आणखी एक ट्रॅक टाकतो. तुमच्या चाळीस ट्रॅकपैकी किती याच कारणाने आलेत ते एकदा तपासून बघा.

उपाय दहा मिनिटांचा आहे. पेटीवाल्यांना ते ज्या पट्टीत गातात-वाजवतात ती विचारा, काळी चार असो की पांढरी चार. भाता एकसारखा ठेवून षड्ज आणि पंचम लांब धरायला सांगा. फोनवर ट्यूनर लावा आणि काटा किती सेंट वर किंवा खाली जातो ते वहीत लिहा. भाता जोरात दाबला की सूर किंचित हलतो, म्हणून मधल्या जोराचाच आकडा घ्या. मग तुमच्या प्रत्येक सिंथच्या ट्यूनिंगमध्ये तो आकडा भरा. पेटी संगणकाकडे येणार नाही, संगणकालाच पेटीकडे जावं लागतं. प्रोजेक्टची पट्टीही त्यांच्याच सोयीची धरा, तुमच्या कीबोर्डवर सोपी पडते म्हणून पांढरी एक नको.

आता धरून ठेवायच्या मर्यादा. माझं सुचवणं असं: पेटी, मृदंग, झांज, एक सिंथ (संगणकातच आवाज तयार करणारं वाद्य) आणि एक नॉइज (सूर नसलेला नुसता सळसळाट). एवढेच पाच आवाज. सहावा हवासा वाटला तर पाचांतला एक काढायचा.

हे कमी वाटत असेल तर १९८० च्या दशकातल्या यंत्रांकडे बघा. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकात ध्वनीच्या चिपला फक्त तीन आवाज होते. १९८३ च्या निन्टेन्डोच्या घरगुती गेम यंत्रात पाच वाहिन्या: दोन पल्स, एक त्रिकोणी लहर, एक नॉइज आणि एक छोट्या सॅम्पलसाठी. तीन सूर एकत्र वाजवायला जागा नव्हती, म्हणून ती मंडळी एकाच आवाजात तिन्ही सूर इतक्या झरझर फिरवायची की कानाला एकत्र वाजल्यासारखं वाटायचं. ती क्लृप्ती पुढे त्या संगीताची ओळखच बनली. नॉइजच्या एकाच वाहिनीतून ढोल, झांज, स्फोट, वारा, सगळं निघायचं. आवाजाला जागा नसल्यामुळे चाल पक्की असावी लागायची.

आणि इतकं लांब जायची गरजही नाही. आपला दशावतार बघा. पेटी, मृदंग, झांज, आणि त्यावर अख्खी रात्र उभी राहते. राजा आला की मृदंगाची चाल एक, राक्षस आला की दुसरी, युद्धात तिसरी. प्रेक्षक चहा घ्यायला मागे गेलेला असला तरी ठेक्यावरून त्याला कळतं की रंगमंचावर कोण आलंय. हे वाद्यांच्या संख्येमुळे घडत नाही. प्रत्येक वाद्याला नेमून दिलेलं काम आहे, आणि ते ते सोडत नाही, म्हणून घडतं. तुमच्या पाच आवाजांना अशीच कामं वाटून द्या. समजा, पेटी फक्त आईच्या प्रसंगांना. मृदंग फक्त होडी पाण्यात असताना. असं ठरवलंत की शेवटच्या प्रसंगात आई घरात एकटी आहे आणि खालून नुसता मृदंग सुरू झाला, तर कुणालाही काही समजावून सांगावं लागणार नाही.

दशावताराकडून आणखी एक गोष्ट उचला, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकांकिकेचं संगीत इथेच फसतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात, आणि पेटीवाल्याची नजर त्यांच्या तोंडावर असते. नट थांबला की तो धरून ठेवतो, नट वळला की तो वळतो. तुम्ही मात्र दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा एक बांधीव ट्रॅक करता. तालमीत तो बरोबर बसतो. प्रयोगात प्रेक्षक हसले, नटाने आठ सेकंद जास्त घेतले, की संगीत पुढे पळतं आणि नट मागे राहतो.

म्हणून प्रत्येक तुकडा तीन भागांत करा. मी त्यांना तोंड, पोट आणि शेपूट म्हणते. तोंड म्हणजे सुरुवातीचे चार-सहा सेकंद. पोट म्हणजे कितीही वेळ फिरत राहील असा भाग, भजनी ठेक्याची चार आवर्तनं असली तरी पुरतं. शेपूट म्हणजे शेवट, जो पोटातून कधीही निघाला तरी जुळला पाहिजे. पोट कापताना समेपासून समेपर्यंतच कापा, आणि जोडावर पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक विरताना दुसरं वर येऊ द्या, नाहीतर दर फेरीला टक् असा आवाज येईल. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये या तिन्ही भागांचे रीजन, म्हणजे नाव दिलेले पट्टे, करून स्मूथ सीक चालू ठेवलं आणि त्यात रीजन संपेपर्यंत वाजवण्याचा पर्याय निवडला, की शेपटावर क्लिक केल्यावरही चालू असलेला भाग पुरा करूनच उडी पडते. तुमच्याऐवजी दुसरं कुणी लॅपटॉपवर बसणार असेल तर हे फारच उपयोगी. तालमीला त्या माणसाला पहिल्या दिवसापासून बोलवा.

रीपरचं नाव आलंच आहे तर सांगते, मी तेच वापरते. जुन्या मशीनवर हलकं चालतं, आणि ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, त्यानंतर परवाना घ्यायचा. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे आणि नुसतं सिंथचं काम असेल तर उत्तम, पण तुम्हाला पेटी-मृदंग रेकॉर्ड करायचेत, म्हणून इथे ते सुचवत नाही.

रेकॉर्डिंग मृदंगापासून सुरू करा. मेट्रोनोम देऊ नका. आपल्या मृदंगवाल्यांच्या हातात लय किंचित चढत जाते, जाखडीच्या नाचात तर ती चढणं हाच प्राण असतो. कानात टिकटिक दिली की हात आखडतो. त्याऐवजी पेटीचा षड्ज-पंचम धरा, त्या प्रसंगाचे संवाद कुणालातरी वाचायला लावा आणि त्यांना वाजवू द्या. नंतर हवं तर समेवर खुणा करून सॉफ्टवेअरची लय त्यांच्यामागे नेता येते. सिंथ एकटाच असल्याने तो तुम्ही सरळ कानाने ऐकून वाजवलात तरी चालेल. वाजवल्यावर क्वांटाइझचं बटण दाबून सगळं रांगेत उभं करू नका.

दमट हवेत पुडी उतरते, म्हणून वाजवण्याआधी मृदंग तासभर तरी घरातल्या कोरड्या, उबदार जागी ठेवा. डाव्या पुडीला लावलेली कणीक सुकत जाते तसा खर्ज बदलतो. एका प्रसंगाचं रेकॉर्डिंग एका बैठकीत संपवा, दुसऱ्या दिवशी जोडायला गेलात तर जोड ऐकू येतो. पत्र्याखाली पाऊस असताना बसूच नका. माजघर बरं, भिंतींना गोधड्या टांगल्या तर आणखी बरं. माइक नसेल तर फोन चालेल, पण वेव्ह फाइल करणारं ॲप घ्या आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर प्रत्येक थापेनंतर मागचा गोंगाट वर उसळतो. फोन दोन-तीन फुटांवर, दोन्ही पुड्यांच्या मधोमध. सर्वांत जोरदार थाप उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकंच भरा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

सिंथचं काम मी जाणूनबुजून कमी ठेवते. लांब धरलेला आधार द्यायचा असेल तर फक्त षड्ज-पंचम. संगणकाचा पंचम ७०० सेंटवर असतो आणि शुद्ध पंचम ७०२ वर, म्हणजे फरक जाणवत नाही. गंधार मात्र ४०० वर असतो आणि शुद्ध गंधार ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक लांब धरलेल्या सुरात बोचतो. म्हणून आधारात गंधार ठेवू नका, तो गाणाऱ्याच्या गळ्यासाठी मोकळा सोडा.

मींड हवी असेल तर मिडीची एक अडचण माहीत असू द्या. १९८३ मध्ये ही पद्धत आली तेव्हा सूर वाकवण्याचा संदेश अख्ख्या चॅनेलला मिळून एकच ठेवला गेला. दोन सूर दाबून चाक फिरवलं तर दोन्ही वाकतात. शिवाय बहुतेक सिंथमध्ये हे वाकणं मुळात दोन अर्धस्वरांपुरतंच असतं, म्हणजे सा पासून कोमल गंधारापर्यंतही पोचत नाही. सिंथच्या सेटिंगमध्ये ती मर्यादा १२ करा, सिंथ मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर देणारा, ठेवा आणि तसाच वाजवा. एकाच सुराचं यंत्र कमी पडेल असं वाटत असेल तर चरणजित सिंग यांचं १९८२ चं काम शोधून ऐका. एका वेळी एकच सूर देणाऱ्या रोलँडच्या टीबी-३०३ या बेस यंत्राच्या स्लाइडचा उपयोग करून मुंबईत त्यांनी राग वाजवले आहेत.

पाचवा आवाज, नॉइज, हा तुमचा समुद्र. इंटरनेटवरून लाटांचा तयार आवाज घेऊ नका, ते बहुतेक कुठल्यातरी शांत किनाऱ्याचे असतात. आपली पावसाळ्यातली गाज म्हणजे तुटक लाटा नव्हेत, सलग खालची घरघर आणि तिच्यावर फुटणारं पाणी. सिंथमधला नॉइज घ्या, लो-पास फिल्टर (वरचे तीव्र सूर अडवणारा) लावा, आणि आठ-दहा सेकंदांच्या संथ एलएफओने, म्हणजे सिंथमधल्या आपोआप वरखाली होणाऱ्या संथ लहरीने, तो फिल्टर उघडबंद करा. लॅपटॉपवर याचा भार जवळपास शून्य. फिल्टर जास्त उघडलात की तोच आवाज पाऊस होतो, एकदम झटक्यात उघडलात की वल्ह्याचा फटका होतो. एका आवाजातून तीन कामं निघाली. त्यातला फटका तुम्ही मृदंगाच्या थापेवर बसवू शकता.

रॅमचा प्रश्न उरतोच, तर त्यावर सवय एकच: सिंथचा तुकडा मनासारखा झाला की तो लगेच ऑडिओत रेंडर करा, म्हणजे त्याची तयार ध्वनिफाइल काढा, आणि मूळ सिंथ बंद करा. मिडी वेगळी जपून ठेवा, पण परत उघडू नका. नुसती ऑडिओ फाइल वाजवायला चार जीबी भरपूर होतात. याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. आवाज एकदा पक्का झाला की रोज रात्री त्याची सेटिंग बदलत बसण्याचा मोह संपतो आणि पुढच्या प्रसंगाकडे जाता येतं.

शेवटची जुळवणी इअरफोनवर संपवू नका. प्रयोग कुठे आहे ते विचारा. गावच्या मांडवात कर्णे असतील तर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही निघणार नाही. मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा जाईल आणि फक्त उजवीची चाटी राहील. नाट्यगृहात चांगले स्पीकर असले तरी ऑपरेटर बऱ्याचदा सगळं मोनो करतो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करतो, आणि मग रुंद स्टीरिओ केलेला सिंथ स्वतःलाच खोडून नाहीसा होतो. म्हणून मिक्स मोनोत करून फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे चाल कळली तर कुठेही कळेल. हे ऐकणं तालमीच्या वर्गात, नट बोलत असताना करा, म्हणजे संगीत शब्दांवर चढतंय का ते लगेच दिसेल.

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह ठेवा. स्टीरिओत मिनिटाला सुमारे १७ एमबी होते, त्यामुळे सगळं संगीत साध्या पेन ड्राइव्हवर मावेल. ग्रुपला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. प्रयोगाला दोन पेन ड्राइव्ह न्या, एक ऑपरेटरकडे, एक तुमच्या खिशात.

तीन आठवड्यांचं विचाराल तर पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर जवळजवळ नकोच. तालमीत बसा, संहितेत संगीताच्या जागा मार्क करा, पेटीचा आकडा घ्या, पाच आवाजांची कामं वाटा, आणि बफर-ड्रायव्हरचं काय ते निपटा. दुसऱ्यात रेकॉर्डिंग आणि तुकडे. तिसऱ्यात फक्त तालमीबरोबर वाजवून कापाकापी. अर्ध्या तासाच्या एकांकिकेला दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त संगीत सहसा लागत नाही, आणि नट चांगले असतील तर त्याहूनही कमी.

पेटीची पट्टी आणि ट्यूनरचा आकडा इथे लिहा, शिवाय तुमच्याकडे कुठला सिंथ आहे तेही. मग सेटिंग नेमकं कुठे सापडेल ते सांगते. मृदंगाचं पहिलं रेकॉर्डिंग झालं की त्यातली दोन आवर्तनं पाठवा, मी ऐकून कळवते.